टपाल, पगार आणि भाव : खान्देशातून नेहमी विचारले जाणारे प्रश्न

जळगाव, धुळे आणि नंदुरबार जिल्ह्यांतले लोक पोस्टाबद्दल जे पुन्हा पुन्हा विचारतात, ते इथे आहे. हवा तो प्रश्न आधी वाचा. उत्तरं देणारा पोस्टाच्या क्वार्टरमध्ये वाढलेला आहे, त्यामुळे थोडा कल त्या बाजूला असणारच. तेवढा वजा करून घ्या.

पोस्ट ही कंपनी आहे की सरकारी खातं?

खातं. दळणवळण मंत्रालयाच्या अखत्यारीतला डाक विभाग. १९८५ मध्ये टपाल आणि दूरसंचार वेगळे झाले. दूरसंचारवाल्यांची २००० साली बीएसएनएल कंपनी झाली, टपाल मात्र खातंच राहिलं. हा फरक नुसता कागदावरचा वाटतो, पण पगाराचा आणि दराचा सगळा घोळ तिथूनच सुरू होतो. काउंटरवर जमलेले तिकिटांचे पैसे केंद्राच्या तिजोरीत जातात आणि पोस्टमनचा पगारही त्याच तिजोरीतून येतो. तुमच्या गावची शाखा तोट्यात आहे म्हणून पगार थांबत नाही, आणि शहरातलं ऑफिस धो धो चालतं म्हणून तिथल्या कारकुनाचा मूळ पगार वाढत नाही.

अपवाद पोस्ट पेमेंट्स बँकेचा. १ सप्टेंबर २०१८ ला देशभर सुरू झालेली ती बँक कंपनी आहे, मालकी शंभर टक्के सरकारची. खिडकी तीच, माणूसही तोच, पण हिशेब वेगळा. म्हणूनच ‘पोस्टातलं खातं’ म्हटलं की आधी विचारावं लागतं, ‘कोणतं?’

चाळीसगाव जळगाव जिल्ह्यात, मग पिन धुळ्यासारखा ४२४ ने का सुरू होतो?

हा माझा आवडता प्रश्न. पिनकोड १५ ऑगस्ट १९७२ ला आला. तो आखणारे श्रीराम भिकाजी वेलणकर मराठी माणूस, संस्कृतचे कवीसुद्धा. पहिला आकडा मोठ्या विभागाचा, पहिले तीन मिळून टपालाच्या छाटणीचा, म्हणजे सॉर्टिंगचा, जिल्हा, शेवटचे तीन वाटपाच्या ऑफिसचे. ‘छाटणीचा जिल्हा’ हे नीट लक्षात ठेवा. तो कलेक्टरचा जिल्हा नव्हे.

आता रेल्वेचा नकाशा समोर घ्या. चाळीसगावहून धुळ्याला फाटा जातो. चाळीसगाव ४२४१०१, धुळे ४२४००१. पाचोरा जळगाव जिल्ह्यातलं, पण चाळीसगावच्याच मुख्य लाइनीवरचं, तेही ४२४२०१. आणि दोंडाईचा, शिंदखेडा धुळे जिल्ह्यात असूनही ४२५, कारण ती सुरत–भुसावळ लाइनीवर. नंदुरबार ४२५४१२, अमळनेर ४२५४०१, जळगाव ४२५००१, सगळी त्याच रुळांच्या ओळीत. टपालाची पोती ज्या गाडीत चढायची, तिच्या वाटेने आकडे पडले. टपाल आता रस्त्यानेही जातं, पण नंबर रुळावरच आहेत. भुसावळला आरएमएसच्या (रेल्वे टपाल सेवेच्या) ‘एल’ विभागाचं मुख्यालय असण्यामागेही तेच जंक्शन.

माझं पत्र नेमकं कुठून कुठे फिरतं?

गावच्या शाखेत (बीओ) बॅग बांधली जाते. ती जवळच्या उपडाकघरात (एसओ) येते, तिथून छाटणीच्या ठिकाणी, मग पुढच्या गावच्या छाटणीला, आणि उलट्या क्रमाने खाली. माझ्या लहानपणी बॅगेच्या तोंडाला सुतळी आणि वर लाख असायची. मेणबत्तीवर लाख वितळवून त्यावर पितळी शिक्का दाबला की जळका गोडसर वास सुटायचा, आणि वडील म्हणायचे, ‘आता हात लावायचा नाही, आता ती सरकारची.’

सातपुड्यातल्या शाखेची बॅग पावसाळ्यात एक दिवस चुकली की पुढची सगळी साखळी एक दिवस मागे पडते. उशिराचं कारण बहुतेक वेळा आळस नसतो, पहिली बस चुकलेली असते.

धडगावहून जळगावला आणि धडगावहून केरळला पोस्टकार्डाचा दर एकच कसा?

हे १८५४ पासून चालत आलंय. त्याआधी अंतरावर पैसे लागत. गव्हर्नर जनरल डलहौसीच्या काळात पाव तोळ्याच्या पत्राला अर्धा आणा ठरला, देशात कुठेही. त्यामागचा हिशेब असा की पत्राचा खरा खर्च प्रवासात नसतो, गोळा करण्यात, छाटण्यात आणि दारापर्यंत नेण्यात असतो. रेल्वेत एक पोतं जास्तीचं चढवलं तर फार बिघडत नाही. पण तोरणमाळकडच्या एका पाड्यावर एक कार्ड द्यायला माणसाला अर्धा दिवस चालावं लागतं, मग ते कार्ड शहाद्याहून आलेलं असो की कोचीहून.

स्पीड पोस्टला मात्र वजन वाढलं की अंतर मोजतात. ऑक्टोबर २०२५ च्या दरांत ५० ग्रॅमपर्यंत स्थानिक १९ रुपये आणि बाहेर कुठेही ४७, वर कर वेगळा. त्यापुढच्या वजनाला टप्पे लागतात. रजिस्टर्ड पोस्ट वेगळं राहिलेलं नाही. २०२५ मध्येच ते स्पीड पोस्टात विलीन झालं. कोर्टाच्या नोटिसा पाठवणाऱ्या वकील मंडळींची खरी चुळबुळ ती होती.

५० पैशांचं कार्ड परवडतं कसं?

परवडत नाही. काही वर्षांपूर्वीच्या खात्याच्याच वार्षिक अहवालात एका कार्डामागचा खर्च बारा रुपयांच्या वर दाखवला होता. मिळकत पन्नास पैसे. आंतर्देशीय अडीच रुपये, पाकीट पाच रुपये. हे दर वीस वर्षांहून जास्त काळ हललेले नाहीत.

का हलले नाहीत? कारण कार्डाचा दर हा राजकीय दर आहे. १८९८ च्या कायद्यात पत्रांचे दर परिशिष्टात छापलेले असत आणि ते बदलायचे तर संसदेत जावं लागे. गरिबाच्या कार्डाला हात लावून मतं घालवायला कोण तयार होईल? आता २०२३ चा नवा कायदा जून २०२४ पासून लागू आहे.

खरी मेख मात्र वेगळी आहे. सरकारी नोकराचा महागाई भत्ता औद्योगिक कामगारांच्या ग्राहक किंमत निर्देशांकावर ठरतो, वर्षातून दोनदा. डाळ, कांदा, घरभाडं वाढलं की निर्देशांक वाढतो आणि पोस्टमनचा पगारही वाढतो. वाढलाच पाहिजे. पण तिकीट जागचं हलत नाही. महागाई पगारात शिरते, दरात शिरत नाही, आणि दोन्हींमधलं अंतर म्हणजे खात्याची दरवर्षीची हजारो कोटींची तूट. पेन्शनचा बोजाही त्यातच.

मग हे अंतर भरतं कोण?

तिघं. पहिला, करदाता. दुसरा, शहरातला स्पीड पोस्ट आणि पार्सलवाला. त्याच्याकडून वसूल झालेल्या पैशावर गावातलं वाटप थोडंफार निघतं. तिसऱ्याचं नाव कोणी घेत नाही. तो गावचा डाक सेवक.

बीपीएमला (शाखा डाकपालाला) पगार किती? लोक म्हणतात सरकारी नोकरी आहे.

थोडं सविस्तर सांगतो, कारण दहावीच्या निकालानंतर याच प्रश्नाची झुंबड उडते.

शाखेतले तिघे, म्हणजे शाखा डाकपाल (बीपीएम), सहायक (एबीपीएम) आणि डाक सेवक, हे मिळून ग्रामीण डाक सेवक. पूर्वी यांना ईडी म्हणत, ‘एक्स्ट्रा डिपार्टमेंटल’. आमच्या लहानपणी ‘ईडीवाला आला’ म्हटलं की लोक खुशाल चहा टाकायचे. आता तेच वाक्य टीव्हीवर ऐकलं की पुढाऱ्यांच्या पोटात गोळा येतो.

निवड दहावीच्या गुणांवर होते, लेखी परीक्षा नसते. जुलै २०१८ पासून बीपीएमला चार तासांच्या कामाला दरमहा १२,००० आणि पाच तासांच्या कामाला १४,५०० पासून सुरुवात, तर एबीपीएम आणि डाक सेवकाला १०,००० आणि १२,००० पासून. वर महागाई भत्ता. जुलै २०२५ च्या ५८ टक्क्यांनी १२,००० चे १८,९६० होतात. तासावर काढलं तर आकडा गावच्या शेतमजुरीपेक्षा बरा दिसतो. पण हे चार तास कागदावरचे. बॅगची गाडी उशिरा आली तर वाट बघायची, खाती काढायची, विमा विकायचा, मेळाव्याला हजर राहायचं, सर्व्हर बसला की रात्री बसून नोंदी करायच्या. शाखेला जागाही बीपीएमनेच द्यायची; बऱ्याच गावांत पोस्ट म्हणजे त्याच्या घराची पुढची खोली, मागे चूल आणि पुढे तारखेचा शिक्का.

सरकारी नोकर म्हणाल तर सुप्रीम कोर्टाने १९७७ च्या राजम्मा खटल्यात सांगितलं की ही पदं ‘नागरी पदं’ आहेत, पण नियमित सेवेच्या बाहेरची. घरात आहे पण रेशनकार्डावर नाही, तसं. नियमित पेन्शन नाही. २०१८ मध्ये मे महिन्यात यांनी संप केला तेव्हा दोन आठवड्यांहून जास्त काळ गावोगावच्या शाखा बंद होत्या. नवे आकडे त्यानंतरच लागू झाले.

माझं म्हणणं रोखठोक आहे: ५० पैशांचं कार्ड स्वस्त राहतं ते थोडं या माणसाच्या अर्धवट नोकरीवर. खर्चाच्या आकड्यात तो पूर्ण नोकर धरला असता तर बारा रुपयेही कमीच पडले असते.

आणि शहरातल्या पोस्टमनला?

सातव्या वेतन आयोगाच्या तिसऱ्या स्तरावर २१,७०० पासून सुरुवात. ५८ टक्के भत्त्याने ३४,२८६, घरभाडं वेगळं. एकाच बॅगेतलं एकच पत्र. धुळ्यात वाटणारा आणि साक्री तालुक्यातल्या वस्तीवर वाटणारा यांच्या पगारात एवढी दरी.

पोस्टातल्या पगाराचा गावातल्या इतर मजुरीवर परिणाम होतो का?

थेट होत नाही. गावात जागा एक-दोनच, त्यांनी शेतमजुरीचा बाजार हलत नाही. पण तुलना होते. तालुक्याला कुरियरची थैली घेऊन फिरणाऱ्या पोराला नगावर पैसे मिळतात, पेट्रोल बहुधा त्याचंच. तो बीपीएमकडे बघून म्हणतो, ‘निदान महिन्याला ठरलेलं तरी आहे.’ त्यामुळे दहावीला नव्वद टक्के पडलेली, पदवी झालेली पोरंही या अर्धवेळ जागेला अर्ज करतात.

मजुरीवर खरा परिणाम झाला तो पगारातून नाही, मनीऑर्डरीतून.

मनीऑर्डरीचा आणि मजुरीचा काय संबंध?

‘पोऱ्या सुरतले शे’ (पोरगा सुरतेला आहे) हे वाक्य खान्देशात ज्याने ऐकलं नाही तो खान्देशात राहिलेला नाही. उधना, लिंबायत भागात आपली माणसं पिढ्यान्‌पिढ्या मागांवर, कापडाच्या कारखान्यांत आहेत. यूपीआयच्या आधी त्यांची कमाई गावात यायची ती मनीऑर्डरीने. मनीऑर्डर १८८० पासूनची. कमिशन शंभरामागे पाच रुपये. हजार पाठवले तर पन्नास गेले. मजुरीच्या मानाने हा दर जड होता, पण पैसे ओट्यापर्यंत यायचे.

दृश्य आठवतं. दुपारी एकची वेळ, म्हातारी ओट्यावर आधीच येऊन बसलेली. ‘पैसा उनात का, दादा?’ (पैसे आले का?) पोस्टमन चष्मा वर करून फॉर्म वाचतो, तिचा अंगठा शाईच्या डबीवर दाबतो, साक्षीला शेजारचा दुकानदार, आणि नोटा दोनदा मोजून तिच्या पदरात. खाली छापलेल्या चार ओळींच्या जागेत मुलाने लिहिलेलं असायचं, ‘आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) येतो’. कधी कधी हातावर दहा रुपये ‘चहाला’ ठेवावे लागायचे, तेही खरं. आमच्या गल्लीत तो अलिखित नियमच होता.

आता मजुरीचं. आपल्याकडे सालदाराचं, म्हणजे वर्षाच्या बोलीवर ठेवलेल्या शेतगड्याचं, साल आखाजीच्या सुमारास ठरतं. घरात दर महिन्याला सुरतेचे पैसे येतात हे पक्कं असलं की सालदाराला घाई नसते. मालक कमी आकडा बोलला तर तो थांबू शकतो, नाहीतर धाकटा भाऊही गाडीत बसतो. ‘गडी मिळत नाही’ ही शेतकऱ्याची तक्रार कापूस वेचणीत जितकी जुनी आहे, तितकीच जुनी ही मनीऑर्डर. पैसा सुरक्षित घरी पोचवण्याची सोय असल्याशिवाय एवढी माणसं एवढी लांब राहिली नसती. पोस्टाने मजुरी वाढवली नाही. मजुराला नाही म्हणायची सोय केली.

लाडकी बहीण, निराधार वगैरे पैसे पोस्टाच्या बँकेत का यायला लागले?

कारण आधार. हे पैसे आधार जोडलेल्या खात्यात जातात. २०२४ च्या जुलै-ऑगस्टमध्ये कितीतरी बायांच्या लक्षात आलं की आपलं बँक खातं आधारला जोडलेलंच नाही, किंवा भलत्याच जुन्या खात्याला जोडलंय. पोस्ट पेमेंट्स बँकेचं खातं अंगठ्यावर, मोबाईलवर, काही मिनिटांत उघडतं, म्हणून तिकडे रांगा लागल्या. पैसे काढायलाही पोस्टमनच्या मशीनवर अंगठा पुरतो.

अक्कलकुवा, अक्राणीच्या भागात बँकेची शाखा गाठायला जीपचं भाडं आणि एक दिवसाची मजुरी जाते. १,५०० रुपये आणायला निम्मा दिवस आणि भाडं घालवलं तर हातात खरं किती उरलं? दारात पैसे मिळणं म्हणजे तेवढी रक्कम वाढल्यासारखंच. कष्टाने पिचलेल्या हातांचे ठसे मशीन घेत नाही, ही मात्र खरी अडचण. वीटभट्टीवरून आलेली बाई चार बोटं आलटून पालटून दाबते, मग डोक्याला तेल लावतात तसं बोटाला लावते, आणि शेवटी ‘उद्या या’.

पोस्टामुळे कुरियरचे दर कमी राहतात का?

जिथे दोघं आहेत तिथे, हो. आमच्या मावशीचं उदाहरण घ्या. दर उन्हाळ्यात ज्वारीच्या बिबड्या आणि उडदाचे पापड पुण्याला लेकीकडे जातात. मावशी आधी कुरियरवाल्याकडे भाव विचारते, मग पोस्टात, मग पुन्हा कुरियरवाल्याकडे येऊन म्हणते, ‘पोस्टात इतकं सांगितलं.’ तो दहा-वीस रुपये खाली येतो. भांडायला तिच्याकडे छापील दरपत्रक आहे, म्हणून तो खाली येतो.

एक धोका सांगून ठेवतो. बिबड्या हलक्या पण जागा खाणाऱ्या. मोठ्या खोक्याला लांबी, रुंदी, उंची सेंटिमीटरमध्ये गुणून पाच हजाराने भागतात, आणि ते वजन खऱ्या वजनापेक्षा जास्त भरलं तर पैसे त्याचे. मावशीने एकदा टीव्हीच्या खोक्यात दोन किलो माल भरला आणि काउंटरवर जो काही आवाज झाला तो अख्ख्या रांगेने ऐकला. खोका लहान घ्या.

जिथे कुरियर जातच नाही तिथे तुलना कसली? पाड्यावरच्या दुकानदाराला कुरियरचं पार्सल तालुक्याला येऊन न्यावं लागतं आणि ते भाडं तो मालावर चढवतो. पोस्टाचं पार्सल शाखेपर्यंत येतं. औषध, बियाण्याची पाकिटं, शाळेची पुस्तकं यांच्या भावात हा फरक दिसतो.

खासगी कुरियरला पत्रं न्यायला पूर्वी बंदी होती म्हणे?

होती. १८९८ च्या कायद्यात पत्रांचा मक्ता सरकारकडे होता. म्हणून कुरियरवाले ‘पत्र’ शब्द टाळून ‘डॉक्युमेंट’ म्हणायचे, आणि सगळे समजून घ्यायचे. नव्या कायद्यात तो मक्ता गेला. तिकिटं काढायचा हक्क तेवढा पोस्टाकडे राहिला.

पोस्टात पैसे ठेवले तर बाजारातल्या व्याजावर फरक पडतो का?

पडतो. बचत बँक १८८२ पासून आहे. अल्पबचतीचे दर अर्थखातं तिमाहीला जाहीर करतं: २०२५-२६ मध्ये ज्येष्ठ नागरिक योजना आणि सुकन्या ८.२ टक्के, मासिक उत्पन्न ७.४, किसान विकास पत्र ७.५, साधं बचत खातं ४. बँकांची नेहमीची कुरकुर अशी की पोस्ट एवढं देतं म्हणून आम्हाला ठेवींचे दर उतरवता येत नाहीत, आणि ठेव महाग म्हणून कर्जही महाग. म्हणजे यावलच्या केळीवाल्याच्या पीककर्जाच्या चर्चेतही पोस्ट कुठेतरी बसलेलं असतं. हा पैसा सरकार स्वतः कर्जाऊ घेतं. जळगावात याची खरी स्पर्धा बँकेशी नाही, सराफ बाजाराशी आहे. पण तो वाद घरातल्या बायांनी केव्हाच जिंकलाय.

पुस्तकं, मासिकं पाठवायला स्वस्त काय?

नोंदणीकृत वृत्तपत्राला ५० ग्रॅमपर्यंत २५ पैसे लागतात, म्हणून छोट्या साप्ताहिकाची वर्गणी परवडते. पुस्तकांसाठी मे २०२५ पासून ‘ज्ञान पोस्ट’: ३०० ग्रॅमपर्यंत २० रुपये, पाच किलोला १००, वर कर. जाहिरातीचा माल त्यात चालत नाही.

आमच्या पाड्याला पत्ताच नाही. काय लिहायचं?

पाडा, गाव, शाखा, तालुका, पिन आणि मोबाईल नंबर. घर नंबर नसला तरी ‘अमक्याच्या मळ्याजवळ’ चालतं, सेवक ओळखतो. मे २०२५ पासून डिजिपिन आलाय: देशाचे चार मीटर बाय चार मीटरचे चौकोन आणि प्रत्येकाला दहा अक्षरांचा संकेत. सातपुड्यातल्या विखुरलेल्या झोपड्यांना याचा उपयोग व्हावा. सध्या तरी सेवकाची ओळखच जास्त चालते.

‘दार बंद’ असा शेरा मारून स्पीड पोस्ट परत गेलं. मी घरीच होतो!

मीही होतो. दारातच शेंगा फोडत. ऑफिसचं नाव सांगत नाही, पण ट्रॅकिंगवरची वेळ आणि शेजाऱ्याच्या कॅमेऱ्यातली वेळ घेऊन गेलो तेव्हा पार्सल टेबलाखालून निघालं. बुकिंगच्या पावतीवरचा नंबर जपून ठेवा, आधी पोस्टमास्तरांशी तोंडी बोला, मग लेखी द्या. लेखीला उत्तर द्यावंच लागतं.

पोस्टात जायची बरी वेळ कोणती?

बाजाराचा दिवस टाळा. नोव्हेंबरात पेन्शनरांच्या हयातीच्या दाखल्याची गर्दी असते. तो दाखला पोस्टमन ७० रुपयांत घरी येऊन काढून देतो, म्हाताऱ्यांना रांगेत नेऊ नका. सकाळी बॅग उघडून झाली की तासभर खिडकी मोकळी असते. सुटे पैसे घेऊन जा. ५० पैशांचं कार्ड मागितलं आणि शंभराची नोट पुढे केली, तर मास्तर काय बोलतील ते इथे छापता येणार नाही.